कुलपाचा ड्रॉवर

खुर्चीत बसून, डोळे मिटून, हवेतच टाइप करणारी मुलगी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या त्या फर्निचरच्या दुकानाने तोवर पाहिली नव्हती. गिऱ्हाईक हातचं जायला नको म्हणून शेठ गप्प होता. खांद्यावर प्लाय घेऊन आत आलेला तरुण मात्र थबकला आणि हसू दाबत म्हणाला,

"ही घेऊ नका मॅडम. तिसऱ्या दिवशी कंबर धराल."

अस्मिताने डोळे उघडले. समोर भुशाने माखलेला शर्ट, कानामागे पेन्सिल आणि चेहरा... छे, चेहऱ्याकडे तिने नीट पाहिलंच नाही. निदान तिचं म्हणणं तरी तसं होतं.

"दुकानातलेच ना तुम्ही? मग गिऱ्हाईक का पळवता?"

"दुकान यांचं, खुर्ची माझी. मीच बनवलीय, म्हणून सांगतो. ही पाहुण्यांसाठी आहे. पाहुणा बसून बसून किती बसणार?"

"महेंद्र, तू माल देने आया है या मेरी दुकान बंद कराने?" शेठ कळवळून म्हणाला.

अस्मिता खुदकन हसली, आणि इथूनच सगळं सुरू झालं.

अस्मिताचं काम जरा वेगळं होतं. अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांबद्दल जे बोलून ठेवत, ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. त्यासाठी ती चार वर्षं बदलापूरहून अंधेरीला जात होती. दोन हजार सहाच्या दिवाळीत तिच्या हेंद्रेपाड्यात ब्रॉडबँड आलं आणि कंपनी म्हणाली, घरून करा. पण आधी आमच्या बाई येऊन खोली बघणार, पसंत पडली तरच. घरची मागची खोली रिकामी होती. आईची पिंपं आणि बाबांची जुनी सायकल हलवली की तिथे तिचं स्वतःचं ऑफिस होणार होतं. जिथे आठ तास बसूनही जीव विटणार नाही, अशी खोली तिला हवी होती, आणि ते काम तिने महेंद्रलाच दिलं.

महेंद्र रविवारी माप घ्यायला अंबरनाथहून आला. बाबांना "जय भीम, काका" केलं, आईने दिलेला चहा घेतला आणि टेप खिशातच ठेवून विचारलं,

"दमल्यावर कुठे बघणार तुम्ही?"

"म्हणजे?"

"काम करताना मान वर केली की समोर काय पाहिजे? भिंत की डोंगर?"

असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. "डोंगर," ती म्हणाली, आणि टेबलाची जागा खिडकीपाशी ठरली. मग त्याने खडू काढला आणि फरशीवरच टेबल काढलं, खुर्ची काढली, बाजूच्या भिंतीला गादी टाकायला बैठक काढली. "दोन दिवस या रेघांमधून वावरा. कुठे अडखळलात तर सांगा. लाकूड कापल्यावर उपयोग नाही."

"आणि पायाशी जागा हवी. माझ्या पायाखाली पेडल असतं. दाबलं की डॉक्टर बोलतो, सोडलं की गप्प."

"असं पेडल घरोघरी पाहिजे," तो म्हणाला. आत आई हसली ते दोघांनाही ऐकू आलं.

पेडल म्हटल्यावर महेंद्रच्या डोक्यात एकच गोष्ट आली. वर्षभर त्याने जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांसाठी मशीनची टेबलं केली होती. हात त्याच मापावर बसलेला. आठवड्याने टेबल आलं, अस्मिता बसली... आणि तिचे खांदे कानांना जाऊन भिडले.

"हे टेलरचं टेबल आहे," ती म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. "चुकलो. परत नेतो."

"राहू द्या. मी डॉक्टरांच्या पँटी शिवते."

टेबल परत गेलं. पण येणंजाणं वाढलं. सनमायकाचे नमुने दाखवायला तो तीनदा आला. तिन्ही वेळा ती "विचार करून सांगते" म्हणाली. पहिलाच फिकट हिरवा तिला आवडला होता, पण हे तिने स्वतःलाही कबूल केलं नव्हतं. बैठकीवर खादीची गादी आली, पडदा आला, मनीप्लँटची बाटली आली. खोली जसजशी भरत गेली तसतशी तिची हुरहुर वाढत गेली. सगळं बसवून झालं की हा माणूस कशासाठी येणार?

गुरुवारी संध्याकाळी बुटकं, हिरवं, अगदी तिच्या कोपराच्या उंचीचं टेबल आलं. फक्त ड्रॉवरच्या जागी भोक होतं.

"ड्रॉवर राहिलाय. शनिवारी आणतो," महेंद्र तिच्याकडे न बघता म्हणाला.

"शनिवारी? अहो, उद्या अकराला बाई येणार आहेत. रोग्यांचे कागद कुलपात ठेवायचे, हा त्यांचा पहिला नियम. ड्रॉवर नसला तर नाहीच म्हणतील."

"हे... मला माहीत नव्हतं."

"मी सांगायला हवं होतं. पण ड्रॉवर टेबलाबरोबरच येतो ना?"

तो हत्यारांची पिशवी उचलून निघून गेला. अस्मिता उघड्या भोकाकडे बघत बसली. बाई नाही म्हणतील याची काळजी होतीच, पण त्याने नजर का चुकवली हे तिला जास्त लागलं होतं.

शुक्रवारी सकाळी आठला तो दारात होता, काखेत ड्रॉवर, कुलूपकिल्लीसकट. अर्ध्या तासात बसवून पायऱ्यांवर जाऊन बसला, तो बाई येऊन जाईपर्यंत हलला नाही. बाईंनी कुलूप दोनदा लावून पाहिलं, खिडकीपाशी जरा रेंगाळल्या आणि सही करून गेल्या.

अस्मिता बाहेर आली. "झालं. मंजूर. रात्रभर जागलात ना?"

"नाही." तो उठून उभा राहिला. "ड्रॉवर बुधवारीच तयार होता, कुलूप तेवढं काल बसवलं. वर्कशॉपमध्ये पडून होता."

"मग काल का नाही आणलात?"

"आणला असता तर..." त्याने पिशवीचा बंद उगाच घट्ट केला. "तर पुन्हा यायला काही उरलं नसतं. टेबलाची चूक खरी होती, मॅडम. ही मुद्दाम केली. तुमचं काम अडेल हे माहीत असतं तर नसती केली. माफ करा."

तिला राग आला. खराच आला. मग त्या रागाला पुरून उरेल असं काहीतरी छातीत भरून आलं.

"महेंद्र, खोलीत आता काहीही बाकी नाही. मी सगळं तपासलंय. एक खिळासुद्धा मारायचा नाही."

"हो," तो खाली बघत म्हणाला.

"तरी ये. मला तू आवडतोस. त्यासाठी फर्निचर कशाला अर्धं ठेवायचं?"

त्याने मान वर केली. अस्मिताचं धाडस तेवढंच होतं. ती गर्रकन वळून थेट स्वयंपाकघरात गेली.

"आई, रविवारी महेंद्र जेवायला येणार आहे. कामासाठी नाही."

यशोधराबाईंनी लेकीकडे बघितलं आणि पुन्हा लसूण सोलायला घेतला.

"बाबांशी मी बोलते," त्या म्हणाल्या. "त्याला भरलं वांगं चालतं का, तेवढं विचार."

"चालतं, काकू," दारातून आवाज आला. तो अजून गेलाच नव्हता.