विरोधातलं मत

सभागृहाच्या दारातच टक्कर झाली. तिचे कागद जमिनीवर, आणि ते गोळा करायला वाकलेला नेमका तो — विरोधी देशाचा प्रतिनिधी! विद्यार्थ्यांच्या त्या अभिरूप राष्ट्रसभेत तिच्या वाट्याला नदीच्या खालच्या अंगाचा देश आला होता. त्याच्या वाट्याला वरचा, धरण बांधणारा. सगळे त्याला धरणवालाच म्हणायचे.

"पाणीवाटपाचा ठराव झकास लिहिलायस," एका पानावर नजर टाकत तो म्हणाला.

झालं! तिचे कान टवकारले. गेल्या वर्षी एकाने असंच कौतुक करत तिची कलमं लाटली होती, वर बक्षीसही पटकावलं होतं.

दोन दिवस हा मागेपुढे. चहा आणून दे, जागा धर, ती बोलायला उठली की टक लावून ऐक... तो हसला की हिच्या काळजात लक्कन व्हायचं, आणि लगेच फाईल छातीशी घट्ट! शेवटी तिने सापळा लावला. पाण्याचे आकडे मुद्दाम चुकवलेलं एक पान त्याच्या खुर्चीवर 'विसरली'. वापरू दे भाषणात, मग बघतेच!

दुपारी तो पान घेऊन हजर. "आकडे चुकलेत. असेच मांडलेस तर मीच तुझी पिसं काढीन."

"आणि मत... देशील?"

"नाही. विरोधातच देणार."

"एवढा चहा पाजून?"

"चहा काय मतासाठी पाजला?" त्याचे कान लाल झाले. तो तडक निघून गेला.

ठराव एका मताने पडला. विरोधात वर गेलेली पहिली देशाची पाटी त्याचीच. तिला रडू फुटलं, पण संशय मात्र पार विरघळला. तोंडावर 'नाही' सांगून तसंच वागणारा तिला पहिल्यांदाच भेटला होता.

तो जिन्यात बसला होता. ती शेजारी टेकली.

"ते पान मी मुद्दाम ठेवलं होतं... तू चोर आहेस का बघायला."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे दोन दिवस तू मला—"

"हो. चुकलंच माझं. तू आवडायला लागलास ना, म्हणून जास्तच भीती वाटली."

तो उठला. चार पायऱ्या उतरला. संपलं सगळं... तिने ओठ घट्ट मिटले.

"मला राग आलाय," पाठमोराच तो म्हणाला. "खूप. पण रागवायला तरी उद्या भेटावं लागेल ना?"

"किती वाजता?" तिने घाईघाईने विचारलं.