अकरा-दहाचा नमस्कार

कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत डॉ. सुनंदा तगारेंनी चाचणीचा गेम कन्सोल टेबलावर ठेवला, चोरीचा मुद्देमाल ठेवावा तसा. समोर त्यांचा सहायक सत्यजित चौगुले उभा होता.

"तीन रविवार! लॅब बंद. हा कपाटात चार्जिंगला. आणि याच्या स्मृतीत तुझ्या स्वतःच्या कन्सोलच्या भेटींच्या नोंदी! चावी आपल्या दोघांकडेच. आपलं काम कुणाला विकतोयस?"

"मॅडम, रविवारी मी गडहिंग्लजला सासरवाडीत असतोय. विचारा की फोन करून!"

"चोराच्या उलट्या बोंबा!"

बाईंचा स्वभावच तसा. संशय आला की धीर म्हणून नाही. सकाळीच त्यांनी संचालकांना पत्र धाडलं होतं, चौगुलेला काढा म्हणून. तसं त्यांनी सत्यजितला तोंडावर सांगितलंही. नोकरी तर जाणारच, वर चोर म्हणून शिक्का.

कन्सोल बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. त्या कन्सोलांची समीपभाषा ही दोघं आठ महिने उलगडत होती. तत्त्व साधं. दोन कन्सोल तीस फुटांच्या आत आले की एकमेकांना बिनतारी नमस्कार घालतात, समोरच्याचा ओळखक्रमांक आणि वेळ टिपून ठेवतात. संगणकानं हुबेहूब तसाच नमस्कार घालायचा आणि कन्सोलनं फसायचं, एवढंच काम. पण कन्सोलनं संगणकाला एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

"वेळा दाखवा," सत्यजित म्हणाला.

तिन्ही नोंदी अकरा वाजून दहा मिनिटांच्या. सेकंदसुद्धा तोच.

"मी एवढा वक्तशीर असतो, तर तुम्ही रोज ओरडला असता होय? रविवारी अकरा-दहाला इथं काय चालू असतं?"

बाई हळूच म्हणाल्या, "संगणकावरची माझी स्वयंचलित चाचणी. इतर कन्सोलांची गडबड नको, म्हणून गेले तीन रविवार लावलेली."

"तिच्यात ओळखक्रमांक कुणाचा घातलाय?"

त्यांनी प्रोग्राम उघडला. पहिल्या दिवशी हवेतून पकडलेला नमस्कार त्यांनी जसाच्या तसा डकवला होता, नंतर बदलू म्हणून. तो सत्यजितच्या कन्सोलचा होता.

"अगं बाई! म्हणजे फसला की तो! उत्तर दिलं नाही, पण नोंद केली. आपण नुसती उत्तराची वाट बघत बसलो. तीन आठवड्यांपूर्वीच जमलंय, सत्यजित!" बाईंनी टाळीसाठी हात पुढे केला.

सत्यजितनं टाळी दिली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. संचालकांचा होता.

"स्पीकरवर घ्या, मॅडम."

"तगारेबाई, पत्र वाचलं. चौगुलेविरुद्धचा पुरावा पक्का आहे ना?"

बाई सत्यजितकडे बघत म्हणाल्या, "पक्का आहे, सर. पण तो मीच तयार केलाय."