चमच्याभोवतीच्या मुंग्या

"उद्या अकरा वाजता पोलीस मला न्यायला येणार आहेत," ती बाई म्हणाली. "त्याआधी मला एवढंच कळायला हवंय, की माझी चिमी कशानं गेली."

ताई खासगी तपास करायची. तिचा थोरला भाऊ दादा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करून आता तिच्याकडेच राहायचा आणि टिपणं घ्यायचा. टिपणं बिनचूक असत. निष्कर्ष काढायची वेळ आली, की मात्र दादाचा काटा अडकायचा.

बाई चिमीची सावत्र आई. चिमी नऊ वर्षांची. तिच्या शरीरात जन्मापासून कार्निटीन टिकत नसे, म्हणून दिवसातून तीनदा त्याचं पातळ औषध घ्यावं लागे. गेल्या आठवड्यात तिला ताप आला. दीड दिवस तिनं काही खाल्लं नाही आणि सकाळी ती उठलीच नाही.

"कार्निटीन म्हणजे काय गं?" दादानं विचारलं.

"हमाल समज. पोट रिकामं असलं, की शरीर साठवलेली चरबी जाळतं. पण चरबी आपली आपण भट्टीत जात नाही, हा तिला उचलून आत नेतो. तो नसला तर कोठार भरलेलं आणि भट्टी थंड. हृदयाला तर त्याची फारच गरज."

शवविच्छेदनात चिमीच्या शरीरात कार्निटीन जवळजवळ नव्हतं. कपाटातली बाटली तपासली, तर औषध अस्सल निघालं. म्हणजे औषध घरात होतं, पण पोरीला दिलं गेलं नाही. आणि ते देण्याचं काम एकट्या सावत्र आईचं.

बाईनं पिशवीतून वही काढली. लग्न होऊन आल्यापासून तीन वर्षं, प्रत्येक वेळेपुढे एक खूण. "एकही वेळ चुकवली नाही मी. आधी नाक दाबून घ्यायची. शेवटचा महिना मात्र कुरकूर नाही, चमचासुद्धा चाटायची. मला वाटलं, शहाणी झाली पोर."

बाई निघून गेल्यावर दादा पुटपुटला, "खुणा काय, खोट्याही करता येतात."

"येतात. पण ते चमचा चाटणं लिहिलंस ना?"

चिमीचं घर दोन खोल्यांचं. दाराशी चिमीचे शाळेचे बूट अजून तसेच होते आणि कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं. स्वयंपाकघरातल्या कपाटात औषधाचं रिकामं खोकं उरलं होतं. ताईनं त्यावरचा बारीक मजकूर शेवटपर्यंत वाचला आणि खोकं दादाला दिलं. 'साखरविरहित,' दादानं उतरवून घेतलं. चमचा ठेवायच्या जागी एक चिकट डाग होता आणि त्याभोवती मुंग्या.

"महिना झाला, जात नाहीत," चिमीची आत्या दारातून म्हणाली. "हिला घर सांभाळता येत नाही, पोर काय सांभाळणार? पोरीच्या अंगाला शिळ्या माशांसारखा वास यायचा, त्याचं तरी काही वाटलं का हिला? शेवटी माझ्या भावानंच नवा साबण आणला, तेव्हा गेला."

भाऊ, म्हणजे चिमीचे वडील, खिडकीशी बसले होते. सदऱ्याच्या बाह्यांवर लाल-पिवळे डाग होते. सरबताच्या कारखान्यात रंग आणि चव जुळवायचं काम ते वीस वर्षं करत होते.

"औषधाबद्दल तुमचं काय मत होतं?" ताईनं विचारलं.

"टॉनिकच ना ते. आमच्याकडची व्यायामशाळेत जाणारी मुलं त्याचे डबेच्या डबे आणतात."

"बायकोवर संशय आहे?"

त्यांनी मान खाली घातली. "पोलिसांनी बाटली तपासलीय," एवढंच म्हणाले.

शाळेत वर्गशिक्षिकेचे डोळे भरून आले. "तिच्या बाकावर कोणी बसत नसे. वडील येऊन सांगून गेले, की शाळेत यायचं म्हटलं की रडते. मग महिन्याभरापूर्वी वास गेला. दोघी जणी तिच्याजवळ बसायला लागल्या. एकीनं वाढदिवसाला बोलावलं. मी तिला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं."

"सावत्र आईच," बाहेर आल्यावर दादा म्हणाला.

घरी पोचेपर्यंत ताईचा चेहरा उतरलेला होता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सगळे त्या स्वयंपाकघरात जमले. फौजदार थोडे आधीच आले होते.

"वासापासून सुरुवात करते," ताई म्हणाली. "तो औषधामुळेच यायचा. पचून उरलेल्या कार्निटीनपासून आतड्यातले जंतू माशांच्या वासाचा पदार्थ तयार करतात. तो घामातून येतो, श्वासातून येतो. श्वासाला साबण लावता येत नाही. वास गेला, कारण औषध थांबलं होतं."

"तेच तर म्हणतेय मी," आत्या म्हणाली. "हिनं थांबवलं."

"तिनं थांबवलं असतं, तर चमचा कोरडा राहिला असता. औषधात साखर नाही. मग मुंग्या कशाला आल्या? चिमी काय चाटत होती? महिनाभर त्या बाटलीतून रोज तीनदा सरबत जात होतं, आणि देणारी ते औषध समजून देत होती."

"पण बाटलीत औषधच सापडलं," फौजदार म्हणाले.

"चिमी गेल्यावर ते परत भरलं. आणि रोज बाटली हाताळणाऱ्या बाईला फरक कळू नये, असा रंग जुळवणारा माणूस या घरात एकच आहे. साबणही त्यांनीच आणला, वास कशानं गेला हे कोणी विचारू नये म्हणून."

दादाची पेन्सिल थांबली. वडिलांनी डाग पडलेली बाही दुमडली.

"तिला वाढदिवसाला जायचं होतं," ते म्हणाले. "आठ दिवस टॉनिक नाही घेतलं तर काय होतंय, असं वाटलं मला. मग ती रोज हसत घरी यायला लागली. परत सुरू करायला माझा हात होईना."

"आणि बायकोला सांगितलं नाहीत."

"तिनं ऐकलं नसतं. एक वेळ चुकू द्यायची नाही ती."

"तिला पोलीस न्यायला निघाले, तेव्हाही नाही."

आत्या भिंतीला धरून खाली बसली. फौजदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

चिमीच्या आईनं वही उघडून शेवटचं पान समोर धरलं होतं. तिचा आवाज अगदी हळू होता.

"शेवटच्या संध्याकाळी तिनं तोंड घट्ट मिटलं होतं. तापानं नुसती फणफणत होती. मी तिला मांडीवर घेतलं, चमचा तोंडाशी नेला आणि म्हटलं, एवढं घे बाळा, याच्यावर तर तू जगतेस." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही दारात उभे होतात."