एकदम उठायचं नाही

"ओली छत्री बाहेर ठेवा हो!" मल्हारशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य.

तो आटपाडीहून भिजत आला होता. त्याच्या आईचं, हरणाबाईंचं, गर्भपिशवीचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मी सांगलीच्या त्या हॉस्पिटलात नर्स. माणूस पडायच्या आधीच धास्तावायचं, हे माझं काम.

"रक्त बरंच गेलंय, पोटातही काही नाही. एकदम उठल्या तर प्रेशर घसरणार," मी बजावलं. "आधी बसवायचं. पाय खाली सोडायचे. जरा थांबायचं. मग उभं करायचं."

"आन् घसरणार हे तुमाला आधीच कसं कळतं, सिस्टर?"

"माणूस बोलता बोलता गप्प होतं... ओठ पांढरे पडतात."

"मी तर तुमाला बघितलं की गप्प व्हतो. माजं बी प्रेशर बघा की!"

चावटच होता! पण मी बघितलं... उगाच दोनदा.

पुढचे दिवस कुंद, पावसाळी. तरी जिन्यात तो चहा घेऊन उभा असायचा आणि मला ड्युटी गोड वाटायची. "आय बरी झाली की घरात तुमचा विषय काढतो," तो म्हणाला, तेव्हा मी चक्क लाजले.

एका दुपारी त्याचे थोरले चुलते, दादासो आले. त्यांच्यापुढं घरातली सून बसत नाही, आडवी तर नाहीच. हरणाबाई पदर सावरत झटकन उठल्या, "कवा आलासा—" म्हणाल्या आणि गप्प झाल्या. मी धावले. आडवं केलं, पाय उंच धरले, सलाईन वाढवलं. नाडी हाताला नीट लागली तेव्हा कुठं मी त्यांचं मनगट सोडलं.

घरी जायच्या दिवशी दादासो पुन्हा आले. हरणाबाई मात्र बसूनच राहिल्या.

"सिस्टरनी सांगितलंय," त्या म्हणाल्या, "एकदम उटायचं न्हाई."

बाईनं रीत मोडली! मला केवढा धीर आला.

"मल्हार," दादासो म्हणाले, "मामाच्या पोरीसंगं तुजी सुपारी फोडायची ठरवून आलोय. तुजं काय म्हणणं न्हाई न्हवं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "दादा, मी—"

आणि गप्प झाला. ओठ पांढरे पडले. याला पाय उंच धरून भागणार नव्हतं.

"न्हाई," तो खाली बघत म्हणाला. "काय म्हणणं न्हाई."

ते गेल्यावर ड्युटीरूमच्या बाकावर पडून मी पोटभर रडले. माझं त्याच्यावर प्रेम होतं, आणि ते सांगायचं राहूनच गेलं होतं. बाहेरून कुणीतरी "सिस्टर!" म्हणून हाक मारली.

मी आधी बसले. पाय खाली सोडले. जरा थांबले.