सातव्या पोटाची शिदोरी

सोलापूरच्या अवकाश-आहार प्रयोगशाळेत बारा पोटं एका ओळीत मांडून ठेवली होती आणि बाराही पोटांना नावं होती.

पोटं म्हणजे हातभर लांबीच्या वळणदार काचनळ्या. प्रत्येक नळीच्या आत चांद्रवस्तीवर निघालेल्या एकेका उमेदवाराच्या पेशींपासून वाढवलेलं आतड्याचं अस्तर होतं, आणि त्याच उमेदवाराच्या पोटातले जीवाणू त्यात नांदत होते. कागदोपत्री या यंत्राचं नाव होतं आंत्रजुळा. उमेदवार तिकडे प्रशिक्षण घेत असताना त्याचा हा जुळा इथे त्याच्या वाटचं जेवायचा, आणि तेही घाईघाईने. जुळ्याचा एक दिवस म्हणजे माणसाचा एक आठवडा. चंद्रावरचं जेवण कुणाला सोसेल आणि कुणाला नाही, हे चंद्रावर जाण्याआधीच कळावं म्हणून हा खटाटोप.

डॉ. कुमुदिनी खांबेटे रोज सकाळी या ओळीसमोरून चालायच्या. सत्तावन्न वर्षांच्या कुमुदिनीताई मूळच्या चिपळूणच्या, आणि आहारशास्त्रात स्निग्धपक्षाच्या म्होरक्या. माणसाने मुख्यतः तूप, तेल, खोबरं, पनीर यांवर जगावं, धान्य म्हणजे नुसती साखरेची दुसरी तऱ्हा, असं त्या तीस वर्षं सांगत आल्या होत्या. सांगत होत्या तशाच वागतही होत्या. लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्या जिलबी आणि पुरी बाजूला सारून वाटीभर तूप मागायच्या, आणि वाढपी त्यांच्याकडे बघत राहायचा.

त्यांच्या शेजारच्या खोलीत पिष्टपक्ष बसायचा. डॉ. रेवणसिद्ध बिराजदार, राहणार अक्कलकोट तालुका, वय साठ. मेंदू साखरेवर चालतो, तेव्हा धान्याचं शुद्ध पिष्ट हेच माणसाचं खरं इंधन, हा त्यांचा सिद्धांत. तेही बोले तैसा चाले या जातीचे. दुधासारख्या पांढऱ्या पिष्टाची पेज ते दिवसातून चार वेळा घ्यायचे आणि तुपाचा थेंब दिसला तरी भुवया चढवायचे. दोघांची भांडणं चहाच्या वेळी व्हायची, आणि ती ऐकायला आजूबाजूच्या विभागांतली माणसं कप घेऊन येऊन बसायची. ताई म्हणायच्या, मूठभर तुपात मूठभर पिठाच्या दुपटीहून जास्त शक्ती असते, यानातलं वजन वाचतं. बिराजदार म्हणायचे, चंद्रावरच्या तीन वर्षांच्या मुक्कामात तुमचं तूप खवट होईल आणि माणसंही. एका मुद्द्यावर मात्र दोघांचं तीस वर्षांत एकदाही वाजलं नव्हतं. कोंडा, टरफल, चोथा हे जे शरीराला पचत नाही, ते चंद्रावर न्यायचं नाही. न पचणाऱ्या वस्तूचं ओझं पावणेचार लाख किलोमीटर वाहण्याइतकं वेडं दोघांतलं कुणीच नव्हतं.

या वेळी भांडणाला धार होती. सहा जुळ्यांना ताईंचं स्निग्ध अन्नसार, सहांना बिराजदारांचं पिष्टाचं अन्नसार, असं वाटून दिलं होतं. ज्याचा आहार टिकेल तो तुकडीबरोबर आहारप्रमुख म्हणून चंद्रावर जाणार होता. ताईंना जायचं होतं. नऊ वर्षांच्या असताना त्यांनी वहीत चंद्रावरच्या आपल्या घराचा नकाशा काढला होता, स्वयंपाकघरासकट. नवरा, संसार, मुलगा, सगळं यथासांग झालं, पण ते एक राहून गेलं होतं, आणि या वयात ही शेवटचीच संधी असं त्यांना वाटत होतं.

चाळीस दिवस झाले, म्हणजे जुळ्यांचे नऊ महिने. एक्केचाळिसाव्या सकाळी ताईंनी अस्तरं तपासली. अस्तर पातळ झालं होतं. त्यांच्या नळ्यांमधलं झालं होतं, बिराजदारांच्याही झालं होतं. धुऊन धुऊन विरलेल्या धोतरासारखं ते दिवा लावला की आरपार दिसत होतं. फक्त सातवी नळी ठणठणीत होती. जाड, गुलाबी, निरोगी अस्तर. आणि सातवी नळी ताईंच्या गटातली होती.

त्यांनी नळीच्या खालच्या टोकाचा रस मापकावर तपासला. त्यात भरपूर घृताम्ल निघालं. घृताम्ल म्हणजे तुपात असतं ते आखूड साखळीचं स्निग्धाम्ल, मोठ्या आतड्याच्या अस्तराचं लाडकं खाद्य. ताईंना इतका आनंद झाला की त्यांनी कधी नव्हे ते स्वतः जाऊन बिराजदारांना बोलावून आणलं.

बिराजदारांनी मापकाचा काटा नीट वाचला. मग त्यांनी शांतपणे विचारलं की तूप तर वरच्या आतड्यातच शोषलं जातं, ते एवढं खाली पोचलं कसं? आणि पोचलंच असेल तर बाकीच्या पाच नळ्यांनी काय घोडं मारलं? ताईंनी काहीतरी उत्तर दिलं, पण ते त्यांना स्वतःलाच पटलं नाही. निवड समितीची बैठक शुक्रवारी होती, आणि तो मंगळवार होता.

उत्तर त्याच दुपारी आपल्या पायांनी चालत आलं. प्रयोगशाळेतल्या नळ्यांची देखभाल सिद्धव्वा म्हेत्रे करायची. बावन्न वर्षांची, कमी बोलणारी, कामाला वाघ. नळ्यांचं तापमान, सफाई, वेळच्या वेळी अन्नसार, सगळं तिच्याकडे. सातवी नळी तिच्या लेकीची होती. नीलांबिका म्हेत्रे, यंत्र अभियंता, तुकडीतली सगळ्यात लहान उमेदवार. सातव्या नळीची चर्चा कानावर आल्यापासून सिद्धव्वाला घास गिळवेना. ती ताईंच्या खोलीत आली, दार लोटलं आणि उभीच राहिली.

"मॅडम, त्यात तुमच्या तुपाचं काय न्हाई," ती म्हणाली. "रोज सकाळ-दुपार मी कडक भाकरीचा कुटका टाकत हुते. पाण्यात भिजवून, बोटानं चुरून."

ताईंना आधी अर्थच लागेना. त्यांनी विचारलं, का?

"गावाला निघालेल्या माणसाला आमच्यात कडक भाकरीची शिदोरी देतेत. महिनाभर टिकती. पोरगी एवढ्या लांब चाललीय. ते पोट तिचंच हाय असं तुम्हीच सांगितलंव. त्यात रोज नुसती लिबलिबीत पेस्ट वतताना माझ्यानं बघवंना झालं." मग तिचा आवाज बारीक झाला. "मला काढून टाका, पण तिचं नाव काढू नका. तिला ह्यातलं काय ठाऊक न्हाई."

ताईंना सिद्धव्वाचा राग आला. प्रयोगात बाहेरचा कण जाऊ नये म्हणून त्यांनी वर्षभर जिवाचं रान केलं होतं, आणि इथे रोज दोन वेळा शिदोरी चालली होती. तिला जायला सांगून त्या एकट्याच बसून राहिल्या. आता ही गोष्ट दोघींनाच माहीत होती. सिद्धव्वा मरेपर्यंत बोलणार नव्हती. शुक्रवारी समितीपुढे सातव्या नळीचे आकडे ठेवले की बिराजदारांच्या शंकेला फारसं कुणी विचारणार नव्हतं, आणि वहीतल्या त्या घराचं दार उघडणार होतं. हा मोह खरा होता, आणि तो त्यांना अर्धा तास पुरला. पण समोर काचेपलीकडे त्यांच्या गटातल्या आणखी पाच नळ्या दिसत होत्या, पातळ झालेल्या, आणि त्यांच्यावरही नावं होती. त्या पाच जणांना कुणी शिदोरी दिली नव्हती.

त्या उठल्या आणि शेजारच्या खोलीत गेल्या. बिराजदारांना त्यांनी सगळं सांगितलं. ते हसतील अशी त्यांची खात्री होती. ते हसले नाहीत. त्यांनी पेजेचा पेला बाजूला ठेवला आणि कागद ओढला.

"ज्वारीचं पिष्ट शिजलं की त्याचे धागे सुटतात," ते म्हणाले. "गरम भाकरी म्हणून लवकर पचते. पण भाकरी गार झाली, वाळली, की त्यातले काही धागे पुन्हा घट्ट वळतात. आपल्या पाचकरसांना ते मग उलगडत नाहीत. हट्टी पिष्ट म्हणा त्याला. ते आणि कोंडा, दोन्ही न पचता थेट खाली जातात."

"म्हणजे वाया जातात. आपण दोघं हेच तर म्हणत आलो."

"आपल्या दृष्टीने वाया. पण खाली जीवाणू बसलेत, जेवायची वाट बघत. ते हट्टी पिष्ट खातात, आणि ते खाऊन बाहेर काय टाकतात?"

उत्तर ताईंनी सकाळीच मोजलं होतं. घृताम्ल. भाकरी वरून पिष्ट म्हणून आत जात होती आणि खाली जाऊन स्निग्ध होत होती. पोटाच्या तळाशी जीवाणू तूप कढवत बसले होते, आणि अस्तर त्यावर पोसत होतं. ताईंचं तूप वरच्या वर संपत होतं, बिराजदारांचं शुद्ध पिष्टही वरच्या वर संपत होतं, आणि खाली कुणाच्याच पंगतीतलं काही पोचत नव्हतं. दोघांनी मिळून चंद्रावर न्यायचं नाही म्हणून जे ठरवलं होतं, नेमकं तेच न्यायला हवं होतं.

"तीस वर्षं भांडलो आपण," बिराजदार म्हणाले, "आणि चुकलो कुठे, तर जिथे एकमत होतं तिथे."

मग मात्र दोघंही हसले.

पुढचे तीन दिवस त्यांनी जोडीने काम केलं. बाकीच्या अकरा नळ्यांना सिद्धव्वाच्या हातची कडक भाकरी दिली, आणि आता ती चोरून द्यावी लागत नव्हती. शुक्रवारपर्यंत नऊ नळ्यांमध्ये घृताम्लाचा काटा चढला, उरलेल्या दोन रेंगाळत का होईना, त्याच वाटेने निघाल्या. समितीचे प्रमुख डॉ. नासिर इनामदार यांनी दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं. दोघांनी आपापला आहार मागे घेतल्याचं आणि एकच नवा आहार मांडल्याचं ऐकून त्यांनी चष्मा पुसला. आख्खी ज्वारी, डाळी, पालेभाज्या, शेंगाची चटणी, वर बेताचं तूप, आणि रोज कडक भाकरी. ज्वारी वस्तीच्या काचघरात पिकतच होती. अगदी साधा बेत होता. सिद्धव्वाला त्यांनी कडक शब्दांत समज दिली, आणि नीलांबिकेचं नाव यादीत तसंच राहू दिलं. ताईंना हायसं वाटलं.

प्रश्न उरला आहारप्रमुखाचा. आहार दोघांचा मिळून, जागा एक. इनामदारांनी नियम वाचून दाखवला: जाणाऱ्या प्रत्येकाचा आंत्रजुळा मंजूर आहारावर टिकला पाहिजे. मग दोघांचेही जुळे करा, ज्याचा टिकेल तो जाईल, म्हणाले. तुलनेसाठी तिसराही एक जुळा हवा होता, ज्याने कुठलाच सिद्धांत खाल्लेला नाही अशा माणसाचा. प्रयोगशाळेत तसं माणूस एकच होतं. सिद्धव्वाने नमुना दिला आणि परत कामाला लागली.

बिराजदार निर्धास्त होते. अक्कलकोटकडचा माणूस, भाकरीवरच तर वाढलो, म्हणाले. ताई मनातून धास्तावलेल्या होत्या, पण आशा सुटत नव्हती. तिन्ही नळ्यांना तीन दिवस, म्हणजे जुळ्यांचे तीन आठवडे, तोच आहार दिला.

चौथ्या दिवशी ताई, बिराजदार आणि इनामदार नळ्यांसमोर उभे होते. ताईंच्या नळीत काटा हलला नव्हता. बिराजदारांच्या नळीतही नाही. भाकरीचा चुरा जसा आत गेला तसाच बाहेर आला होता. कारण कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जुळ्यात ज्याचे त्याचे जीवाणू असतात. ताईंनी आणि बिराजदारांनी तीस वर्षं आपापल्या सिद्धांताशी इमान राखलं होतं, आणि त्या तीस वर्षांत खाली बसलेल्या जीवाणूंना दोघांनीही उपाशी मारलं होतं. पंगत वाढली होती, पण जेवायला कुणी उरलंच नव्हतं. ते परत येतील, पण आठवड्यांत नाही. आणि यान दीड महिन्यात सुटणार होतं.

तिसऱ्या नळीतला काटा मात्र शेवटच्या रेघेला टेकला होता.

इनामदारांनी नियम पुन्हा वाचला. त्यात पदवीचा उल्लेख कुठेच नव्हता. आहाराची माहिती हवी, तो आहार रोज करून वाढता यायला हवा, आणि जुळा टिकायला हवा. त्यांनी ताईंकडे पाहिलं. खूप वाईट वाटलं ताईंना, खोटं कशाला बोला. पण आकडे समोर होते, आणि आकड्यांशी भांडायची सवय त्यांना कधीच नव्हती. त्यांनीच सिद्धव्वाचं नाव घेतलं.

सिद्धव्वाला पटायला दोन दिवस लागले. नीलांबिकेला त्याहून जास्त. "आई, मी इतक्या लांब चालले होते ते जरा मोकळं राहायला," ती म्हणाली, आणि मग आईच्या गळ्यात पडून रडली. दीड महिना ताईंनी सिद्धव्वाला आपलं सगळं शास्त्र शिकवलं, आणि सिद्धव्वाने ताईंना भाकरी थापायला. ताईंची भाकरी पहिले वीस दिवस नकाशासारखी व्हायची, आणि बिराजदार त्यातले देश ओळखायचे. निघताना सिद्धव्वा दोघांसाठी महिनाभराची कडक भाकरी डब्यांत भरून ठेवून गेली.

आता चहाच्या वेळी भांडण होत नाही. दोघं दुपारी एका टेबलावर बसून भाकरी-चटणी खातात, वर ताई तूप घेतात आणि बिराजदारही चमचाभर घेऊ लागले आहेत. ताईंना त्यात इतकी गोडी लागली की तीस वर्षं आपण काय सोडलं होतं याचं त्यांना हसू येतं. चौथ्या महिन्यात त्यांनी नवा नमुना दिला. बिराजदारांनी काटा वाचला आणि त्यांना हाक मारली. काटा एक रेघ वर चढला होता. एकच, पण चढला होता.

त्याच दुपारी ताईंनी तीन वर्षांनी जाणाऱ्या तुकडीसाठी अर्ज भरायला घेतला. आहारपद्धती या रकान्यात त्या आजवर डोळे मिटून 'स्निग्ध' असं लिहीत आल्या होत्या. या वेळी त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं: सिद्धव्वा वाढेल ते.