फक्त तिच्याच मनगटावर हिरवी

नागपूरच्या नगरसुरक्षा केंद्रात जगातल्या एकशेचाळीस महानगरांचे सुरक्षांक तासातासाला नव्याने मांडले जात. कुठल्या शहरात, कुठल्या रस्त्यावर परक्या माणसाला किती धोका आहे, हे प्रवाशाच्या मनगटावरचा 'मार्गदर्शी' नावाचा पट्टा रंगाने सांगे. हिरवा रस्ता निर्धोक, तांबडा टाळायचा. मूळ सूत्र डॉ. वसुधा खानझोडे हिचं. त्याच्या भरवशावर वर्षाला चार कोटी माणसं परमुलखातून सुखरूप घरी येत होती.

पुंडलिक नन्नावरे यांची मुलगी आली नव्हती. चंद्रपूरचे हे निवृत्त पोस्टमन एके दिवशी केंद्रात येऊन वसुधासमोर बसले. त्यांची आरती भूगोलाची शिक्षिका. पुस्तकातून शिकवलेलं एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून एकटीच पेरू देशातल्या लिमाला गेली आणि भर दुपारी एका गल्लीत कुणीतरी तिला भोसकलं. वडिलांनी रुमालात बांधून आणलेला तिचा मार्गदर्शी टेबलावर ठेवला. त्यांनी आरडाओरडा केला नाही.

"बाई, माझी पोरगी आडवाटेनं जाणारी नव्हती," ते म्हणाले. "यानं दाखवली त्याच वाटेनं गेली."

ते गेल्यावर वसुधाने नोंदी उघडल्या. म्हातारा खरं बोलत होता. ती गल्ली आठ महिने सगळ्यांसाठी तांबडी होती. त्या दुपारी ती हिरवी दिसली फक्त आरतीच्या मनगटावर.

तिने इक्बाल मुजावरला बोलावलं. गेली सहा वर्षं यंत्रणा तोच सांभाळत होता. नोंद पाहून त्याला नवल वाटलं नाही.

"ही चाचपणी आहे, मॅडम. तांबड्या रस्त्याने कोणी जात नाही, म्हणून तिथली माहिती येत नाही. तो सुधारला की नाही, हे कोणीतरी गेल्याशिवाय कळणार कसं? म्हणून यंत्रणा अधूनमधून एका प्रवाशाला तो हिरवा दाखवते. तुमच्या सूत्रातलं पाचवं पद."

वसुधाला ते आठवलं. बारा वर्षांपूर्वी तिने ते लिहिलं होतं; समीकरण पुरं व्हावं एवढ्याच हेतूने. तेव्हा ते एक अक्षर होतं.

"पण आरतीच का?"

"एकटी बाई जिथून सुखरूप जाते, तिथून कोणीही जाऊ शकतं. एका फेरीत सर्वांत जास्त माहिती तिच्याकडून मिळते."

चाचपणी ताबडतोब बंद कर, असं तिने सांगितलं. इक्बालने मागच्या वर्षीचे आकडे पुढे ठेवले. तेव्हा त्याने ती गुपचूप बंद करून पाहिली होती. एकदा तांबडा झालेला रस्ता परत हिरवा होईना. माणसं उरलेल्या मोजक्या रस्त्यांवर लोटली आणि त्यांच्यामागोमाग लुटारूही. दोन महिन्यांत एकोणीस जण मारले गेले. चाचपणी चालू असताना तेवढ्याच काळात दोघं मरत. वसुधाने आकडे दोनदा तपासले. चूक सापडली नाही.

"मग मला पाठव," ती म्हणाली आणि चाचपणीच्या यादीत तिने स्वतःचं नाव घातलं.

पडद्यावर उत्तर उमटलं: नोंद निरुपयोगी. प्रवासी जाणकार.

"जाणून जाणारा माणूस जपून चालतो, मागे वळून पाहतो," इक्बाल खालच्या आवाजात म्हणाला. "तो वाचला तरी रस्त्याबद्दल काहीच कळत नाही. जायला हवं ते बेसावध माणसाने."

खाली त्याच गल्लीसाठी पुढची निवड तयार होती. एडिथ ओमोलो, नैरोबी, वय एकतीस. लिमात तेव्हा सकाळ झालेली. वसुधाने सरळ तिला फोन लावला. एडिथ हॉटेलच्या पायरीवर बुटाची नाडी बांधत होती. सगळं ऐकून घेऊन तिने आभार मानले आणि टॅक्सी केली.

वसुधाला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात एडिथच्या नावापुढे 'जाणकार' असा शेरा आला आणि तिच्या जागी दुसरं नाव चढलं. वसुधाने त्या बाईलाही फोन केला. मग तिसरं नाव. चौथं. प्रत्येक सुटलेल्या बाईची जागा पुढची घेत होती. आपण कुणाला वाचवत नाही, नुसतं मरण पुढच्या दारी ढकलतो आहोत, हे पाचव्या फोनला तिच्या ध्यानात आलं. तरीही तिने सहावा लावला.

तो नुसता वाजत राहिला. पडद्यावर त्या प्रवासिनीचा ठिपका गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थांबला, आणि मग सावकाश आत वळला.