तू असशील तर

महिनाभर रोज ब्लॉग लिहून काय मिळालं, असं कोणी विचारलं की मी विषय बदलते. हेसुद्धा कागदावर लिहितेय, मोबाइलवर नाही.

शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनात मी मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका पकडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि स्वभावही तसाच झालाय असं बहीण म्हणते. लॉकडाऊनमध्ये अख्खं हरारे बंद झालं, काम थांबलं, हाताला चैन पडेना. मग रोज सकाळी ब्लॉग लिहायला घेतला. मक्याचं पीठ कुठे मिळतंय, बोअरवेलवर कोण कोणाशी भांडलं, असलं काहीबाही. आणि शेवटी भिंतीपलीकडच्या माई तोंगाई.

माई एकट्या राहायच्या. आमच्याकडे आईला मुलाच्या नावाने हाक मारतात; तो मुलगा, तोंगाई, इंग्लंडात, म्हाताऱ्यांची सेवा करायला. सिमेंटची भिंत माझ्या डोक्याहून उंच, त्यामुळे माई दिसायच्या नाहीत, नुसत्या ऐकू यायच्या. आधी अंगणात खराटा, मग घसा साफ केल्याचा आवाज. मी विचारायचे, "माई, कशा आहात?" आमच्याकडे त्याचं उत्तर ठरलेलं असतं.

"मी आहे, तू असशील तर."

त्यानंतर त्या दिवसाचा टोमणा. माझ्या साडझाला, म्हणजे मक्याच्या उकडीला, करपल्याचा वास येतो, या वयात मी अजून बिनलग्नाची कशी, वगैरे. ते मी जसंच्या तसं लिहायचे. माईंचा फोन बिघडला होता, दुकानं बंद होती, आणि माझा भिंतीवरून द्यायला गेले तर रोग त्यातूनच पसरतो म्हणून त्या हात लावायच्या नाहीत. तोंगाईने एकदा मला फोन केला. "तुझी शेवटची ओळ वाचली की मी निवांत झोपतो. तेवढी चुकवू नकोस, बाई." मी शब्द दिला.

एका सकाळी खराटा वाजला नाही. मी हाक मारली, पुन्हा मारली. वळसा घालून फाटकापर्यंत जायला कितीसा वेळ लागला असता? कोपऱ्यावर पोलीस होते, हे खरं. पण आदल्या दिवशीच मागच्या रस्त्यावर कोणीतरी आजारी पडल्याचं कळलं होतं आणि मी घाबरले होते, हे त्याहून खरं. मी आत आले आणि मनाने लिहिलं: माई म्हणाल्या, मी आहे, तू असशील तर. पेरू फार झालेत यंदा, खाणारी तोंडं कुठे गेली?

तोंगाईने खाली लाल बदाम टाकला. मला लाज वाटली. हायसंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी विचारायच्या आत भिंतीपलीकडून आवाज आला. "मी आहे, तू असशील तर. पेरू फार झालेत यंदा, खाणारी तोंडं कुठे गेली?"

मी स्वतःलाच हसले. बघ, उगाच घाबरलीस. म्हातारी माणसं काय बोलणार, आपल्याला आधीच पाठ असतं. तेच वाक्य पुन्हा कसं लिहायचं, म्हणून त्या दिवशी मी माईंचे गुडघे दुखवले. पुढच्या सकाळी भिंतीपलीकडे गुडघे दुखत होते, माझ्याच शब्दांत. मी औषध आणू का विचारलं. उत्तर आलं नाही. मी लिहिलेलं संपलं की माई गप्प व्हायच्या.

असे बरेच दिवस गेले. खराटा वाजत नव्हता. भिंतीवरून कुजक्या पेरूंचा गोड, जड वास येऊ लागला होता. झाडलं नाही की पेरू कुजतात, असं मी मनाला सांगितलं.

मग ती चूक झाली. घाईत 'असशील'चं 'नसशील' झालं. एका अक्षराची चूक, आणि ती माझ्या हातून. खाली तोंगाईने लिहिलं, "कुंदाई, नीट वाच. माई तुलाच हाकलून देतेय की." मी लगेच दुरुस्त केलं.

सकाळी मी भिंतीशी उभी राहिले.

"मी आहे, तू नसशील तर."

पिंप उपडं घालून मी वर चढले. आवाज भिंतीला लागूनच आला होता. तिथे कोणी नव्हतं. पेरूंचा खच पडला होता आणि त्यातला एकही चिरडलेला नव्हता. खराटा स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभा होता.

शेजारच्या बाबा फराईंनी दार फोडलं. पातेल्यातल्या भाजीवर बुरशीची लव आली होती. माई जमिनीवर होत्या. न्यायला आलेले लोक म्हणाले, बरेच दिवस झाले. पण पडल्या तेव्हा लगेच गेल्या नसाव्यात. चटई त्यांनी स्वतःच अंगावर ओढून घेतली होती.

तोंगाईला मीच सांगितलं.

"कालपर्यंत बोलत होती ना?"

"आवाज येत होता, दादा."

"तू पाहिलंस तिला?"

"नाही."

 "मग मी काय वाचत होतो?" खराटा वाजला नाही त्या सकाळपासूनचं सगळं मी त्याला सांगितलं. त्या पहिल्या सकाळी मी गेले असते तर माई वाचल्या असत्या, हे त्याला ठाऊक आहे आणि मलाही.

त्यानंतर मी ब्लॉगवर एक अक्षर लिहिलं नाही.

माईंना पुरल्यावर काही दिवसांनी सकाळीच तोंगाईचा निरोप आला. "पुन्हा लिहायला लागलीस. पण माईच्या जागी तू कशी?"

मी ब्लॉग उघडला. आजची तारीख होती, आणि खाली लिहिलेलं होतं:

कुंदाईने आजही भिंतीपलीकडून उत्तर दिलं. मी आहे, तुम्ही असाल तर, म्हणाली. आवाज जरा बसलेला वाटला.

सवयीने मी चूक शोधली. एकही नव्हती.

मी अजून अंगणात गेलेच नव्हते. दाराला कडी होती.

पलीकडे खराटा वाजायला लागला. मग थांबला. कोणीतरी घसा साफ केला आणि विचारलं, "कशी आहेस, पोरी?"

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

भिंतीच्या अलीकडून, माझ्या अंगणातून, उत्तर गेलं. आवाज जरा बसलेला होता.